दस्तीखालची तिहाई

हसू नका म्हटलं तर तुम्ही जास्त हसाल, म्हणून म्हणत नाही. फक्त एक करा, हा किस्सा देवणीच्या बाजूला कुणाला सांगू नका. तिकडं तो सगळ्यांना पाठ आहे आणि लोक माझ्यापेक्षा चांगला सांगतात.

मी तबला वाजवतो. लातुरात माझा क्लास आहे, दुसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना. आमच्या दोघांच्या गिऱ्हाइकांचे आवाज एकमेकांत मिसळतात, पण तो वेगळा विषय. माझे गुरुजी नांदेडचे. त्यांच्याकडे मी लहानपणापासून शिकलो. पहिलं वर्षभर त्यांनी मला एका बोटाच्या पुढं सरकू दिलं नाही. आधी बोल तोंडानं म्हणायचे, तोंडात नीट बसले की मग हातावर आणायचे. आणि त्यांचा एक नियम होता, तो त्यांनी माझ्या हाडात भरला: हात रिकामा ठेवायचा नाही.

"गुरुजी, बाहेरगावी तबला नसतो," असं मी एकदा म्हणालो होतो.

"मांडी नेतोस ना सोबत?" गुरुजी म्हणाले. "मग तबला नाही असं कसं?"

तेव्हापासून माझी बोटं थांबलेली नाहीत. एसटीत बसलो की पुढच्या सीटच्या पाठीवर कायदा सुरू. कायदा म्हणजे तबल्यावरचा, कोर्टातला नाही. पुढचा माणूस मागं वळून म्हणतो, काय पाहिजे? एकदा कुणाकडं दुखवट्याला गेलो होतो. समोर पाण्याचा तांब्या ठेवला होता. सगळे मान खाली घालून बसलेले आणि तांब्यावर तीनताल चालू झाला. बायकोनं असं बघितलं की पुढचा दुखवटा माझाच व्हायचा.

आता लग्नाचंच घ्या. आम्ही लिंगायत. जंगमस्वामींनी महानंदाचा हात माझ्या हातात दिला, मंत्र सुरू केले, आणि मी तिच्या तळहातावर एक बारीकसा कायदा वाजवून टाकला. मला पत्ताच नाही! तिला वाटलं माझा हात थरथरतोय. ती हळूच म्हणाली, "घाबरू नका. मी हाय ना."

अजून तसंच म्हणते.

तर महानंदाचे वडील, बसलिंगप्पा. मी त्यांना मामा म्हणतो. देवणीजवळच्या गावात त्यांची शेती. बोलणं कमी, पण जनावराची पारख अशी की बैल नुसता उभा राहिला तरी सांगतील, हा मागच्या डाव्या पायानं अंग चोरतोय. देवणीच्या बैलबाजारात त्यांच्या शब्दाला मान. लग्न ठरवायला आले तेव्हा त्यांनी माझं वाजवणं ऐकून घेतलं, चहा प्यायले आणि विचारलं, "तबला ठीक हाय. पण काम काय करता?"

हा प्रश्न माझ्या काळजात रुतून बसला. मला बाकी काही नको होतं हो. मामांनी एकदा, फक्त एकदा, चार माणसांत म्हणावं की आमचा जावई कामाचा माणूस आहे. त्यासाठी मी काय नाही केलं? धार काढायला बसलो, म्हशीनं बादलीत पाय दिला. औत धरलं, तर तास, म्हणजे नांगराची रेघ, असं वाकडं गेलं की मामा बांधावर उभे राहून बराच वेळ ते नुसतं बघत होते. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आणि मग ते वर्ष आलं.

मामांची बैलजोडी होती, दोन्ही वानेरे. वानेरा म्हणजे आपल्या देवणी जातीतला, अंग पांढरं आणि तोंड काळं. त्यातल्या एकाला चैत्रात पान लागलं. साप चावला म्हणायचं नसतं, पान लागलं म्हणायचं. तो गेला. मागं राहिला सोन्या. सोन्यानं खाणं सोडलं. कडब्याला तोंड लावायचा, वास घ्यायचा आणि रिकाम्या खुंट्याकडं तोंड करून उभा राहायचा. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. त्याच्यापायी मामाही अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायला लागले. पेरणी तोंडावर आली होती, पण खरं सांगतो, मामांना पेरणीपेक्षा सोन्याची काळजी जास्त होती. त्याला जोडीदार हवा होता, आणि तोही त्याच्यासारखाच वानेरा.

त्यातच मामा विहिरीच्या पायरीवरून घसरले. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर.

एके दिवशी त्यांचा फोन आला. "जावईबापू, बाजाराच्या दिवशी मोकळे हाव का? तुमचा हात पाहिजे."

माझा हात! मी फोन ठेवला आणि महानंदाला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, नीट विचारा, कशाला पाहिजे ते. मी म्हटलं, कशाला का असेना.

पोचल्यावर कळलं. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल. घेणारा आणि हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, हातात हात घेतात, वर दस्ती टाकतात, आणि त्या रुमालाखाली बोटांनी भाव होतो. शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही. आणि हा सौदा उजव्याच हातानं करायचा. डावा हात पुढं केला तर हेडी उठून जातो. मामांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. त्यांना मुलगा नाही. गावातल्या दुसऱ्या कुणाला आपला आकडा कळू द्यायचा नव्हता.

"बोटाचाच धंदा हाय न तुमचा?" मामा म्हणाले. "मग हे तुमाला जमंल."

अख्ख्या आयुष्यात माझ्या बोटांचं एवढं कौतुक झालं नव्हतं. नांदेडला एकदा टाळ्या पडल्या होत्या, पण त्यात अर्धी वऱ्हाडी मंडळी होती आणि जेवणाची पंगत उठायची वाट बघत होती.

दुपारी मामांनी मला बाजेवर बसवलं आणि शिकवणी सुरू झाली. डाव्या हातानं माझा उजवा हात धरून ते शिकवत होते. एक बोट धरलं की एवढे. पंजा धरला की त्याच्या पाचपट. आकडे मी सांगत नाही, घरची गोष्ट आहे. पटलं नाही तर हात काढून घ्यायचा. तोंडातून चकार शब्द नाही, तोंडावर हसू नाही, हात गार पडला पाहिजे.

"आन पटलं तर हात तीनदा दाबायचा," मामा म्हणाले. "एकदा दाबलं तर काय न्हाई, दोनदा दाबलं तरी काय न्हाई. तीनदा दाबलं की सौदा झाला. मग फिरायचं न्हाई. माझा हात आजवर कधी फिरला न्हाई."

मी दोन-तीनदा चुकलो. मामांनी शांतपणे पुन्हा पहिल्यापासून घेतलं. हुबेहूब गुरुजी. फक्त गुरुजी मारायचे. संध्याकाळपर्यंत माझा हात तयार झाला. मामांनी आपला शेवटचा आकडा माझ्या तळहातावर दाबून सांगितला आणि म्हणाले, "ह्याच्या वर जायचं न्हाई. तो वर गेला तर हात काढून घ्या."

आता इथं तुम्हाला एक दुसरी गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेव्हा गुरुपौर्णिमा महिन्यावर आली होती. त्या दिवशी आम्ही सगळे शिष्य नांदेडला गुरुजींसमोर वाजवतो. मी एक रेला बसवत होतो, भरभर जाणारा, सगळा धिरधिर किटतकचा. धिरधिर म्हणजे बोट नाही, अख्खा तळहात आडवा फिरवून वाजवायचा बोल. त्याच्या शेवटी होती तिहाई. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा 'धा' बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर येऊन पडला पाहिजे. तो पडला की वाजवणाऱ्याची मान आपोआप हलते, ऐकणाऱ्याच्या तोंडून वा निघतं. माझी ती तिहाई पडत नव्हती. कधी अलीकडं, कधी पलीकडं. झोपेतसुद्धा मी समेच्या मागं पळत होतो.

तर बाजार. मामांनी सगळा बाजार एकदा नुसता फिरून घेतला आणि एका ठिकाणी थांबले. वानेरा उभा होता. काय जनावर होतं! पांढरंशुभ्र अंग, काळंभोर तोंड. मला तर वाटलं शाई लावलेला तबलाच उभा आहे. मामांचा श्वास जरा थांबला, तो मला ऐकू आला.

बैल होता खाजामियाँचा. म्हातारा हेडी, मेंदी लावलेली दाढी, मामांचा जुना ओळखीचा. त्याच्याकडं वानेऱ्याशेजारी एक हल्याही बांधलेला होता. हल्या म्हणजे रेडा. मातकट रंगाचा, एक शिंग खाली वळलेलं, आणि समोर पडलेलं जुनं पोतं तो मन लावून चघळत होता. तो कुणी घेत नव्हतं. खाजामियाँ सकाळपासून त्याच्याकडं पाठ करून बसला होता.

मामांनी प्लास्टर दाखवलं, मला पुढं केलं. खाजामियाँनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "हौ, दामादजी. हात देव."

त्यानं माझा हात घेतला, वर दस्ती टाकली. मामा रिवाजाप्रमाणं चार पावलं बाजूला जाऊन वानेऱ्याचे दात बघायला लागले. खाजामियाँनं आपला भाव सांगितला. मामांच्या आकड्याच्या वर होता. मामांनी शिकवल्याप्रमाणं मी आमचा भाव सांगितला. त्यानं मान हलवली. त्यानं थोडं खाली यावं म्हणून मी थांबलो, मी वर यावं म्हणून तो थांबला. दोघांचे हात दस्तीखाली एकमेकांत, आणि कुणीच काही करत नाही. मामांनी शिकवलं होतं, अशा वेळी नुसतं थांबायचं. हात गार.

थांबलो.

पाठीमागं रसवंती होती. उसाच्या चरकाला घुंगरं बांधलेली असतात ना, ती वाजत होती. छुन छुन छुन छुन. काय सांगू तुम्हाला, एकसारखी लय! लातुरात क्लासमध्ये पेटीवाला माणूस पैसे देऊन बसवतो, तोही एवढी स्थिर लय देत नाही. मी ऐकायला लागलो. मग मोजायला लागलो. माझ्या हाताखाली एक रुंद, कोरडा, छान ताणलेला तळहात होता.

हात रिकामा ठेवायचा नाही.

रेला कधी सुरू झाला मला कळलं नाही, शपथ घेऊन सांगतो. धिरधिर किटतक, धिरधिर किटतक. डोळे मिटले गेले. बाजार गेला, बैल गेला, मामा गेले. माझा तळहात खाजामियाँच्या पंजावर आडवा फिरत होता, आणि त्याच्या हिशोबात प्रत्येक धिरधिर म्हणजे एक पंजा! पंजावर पंजा, पंजावर पंजा. मी त्या बिचाऱ्याला एका बैलाचे अख्ख्या बाजाराएवढे पैसे देऊन राहिलो होतो.

लांबून कुठून तरी त्याचा आवाज आला. "बस करो मियाँ... कैकू इतना... अच्छा, हल्या भी ले जाव, हल्या भी ले जाव."

माणसाला लाज वाटली हो. एवढे पैसे एकट्या बैलाचे कसे घ्यायचे, म्हणून त्यानं पदरचा रेडा घातला. पण मी ऐकतोय कुठं? माझी तिहाई आली होती. पहिला तुकडा, धा. मी तो दाबून दिला. दुसरा तुकडा, धा. तिसरा तुकडा, आणि घुंगरांच्या बरोबर पहिल्या ठोक्यावर, देवाशपथ बरोबर, केसभर इकडं नाही की तिकडं नाही, धा!

तीनदा दाबलं. वर मान डोलावली. वर तोंडानं म्हणालो, "वा!"

खाजामियाँनं दस्ती काढली आणि बाजाराला ऐकू जाईल असं ओरडला, "सौदा पक्का!" माझ्या एका हातात वानेऱ्याचा कासरा दिला आणि दुसऱ्या हातात हल्याचा.

मामा आले. आधी वानेऱ्याकडं बघून त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांची नजर दुसऱ्या कासऱ्यावरून हळूहळू सरकत हल्यापर्यंत गेली. त्यांनी विचारलं, हा कुणाचा? खाजामियाँनं त्यांच्या कानात आकडा सांगितला. मामा खाली बसले. मातीत, तिथंच.

मी समजावून सांगायला लागलो. मामा, तो भाव नव्हता, ती तिहाई होती, समेवर आली म्हणून मान हलली. तोवर माणसं जमली होती. बाजारात शेळी ओरडली तरी माणसं जमतात, इथं तर तमाशाच होता. एक म्हणाला जावई नशेत आहे. दुसरा म्हणाला न्हाई, शहरातला हाय. मी म्हटलं, अहो हा तबला आहे, कुणाच्याही हातावर वाजवून दाखवतो! गर्दीतले एक हेडी, शिवमूर्तीअप्पा, पुढं झाले. त्यांनी हात दिला, कुणीतरी दस्ती टाकली. मी रेला वाजवला. अप्पांचे डोळे मोठे झाले.

"खाजामियाँपेक्षा जास्तीच देऊन राहिला की," अप्पा म्हणाले. "जावईबापू, माझ्या दोन कालवडी हायत तिकडं. बघता का?"

झालं. जो तो आपापली दस्ती झटकत पुढं आला. एकजण शेळी घेऊन आला. एका म्हातारीच्या हातात कोंबडी होती, तिनंही हात पुढं केला. मी दोन्ही हात काखेत घालून उभा राहिलो. तिथं मला पहिल्यांदा नीट कळलं की मी काय करून बसलोय. ह्या बाजारात मामांचा हात कधी फिरला नव्हता. आता हो म्हणावं तर मामा बुडतात, नाही म्हणावं तर उद्यापासून लोक म्हणणार, बसलिंगप्पाचा हात फिरला. मला खरंच रडायला आलं.

मामा उठले. धोतराची माती झटकली. गर्दीत आपला प्लास्टरचा हात आडवा घातला, तशी गर्दी मागं सरली.

"हात माझा होता," मामा म्हणाले. "तो फिरत न्हाई."

खाजामियाँनं दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "बसलिंगप्पा, तुम्हारी इज्जत वो मेरी इज्जत. ये धडधडधड का पैसा मैं नै लेतूं. मैं पैले जो बोला, वोइच देव." आणि जरा थांबून, "मगर हल्या वापस नक्को."

त्याचा पहिला भाव आणि मामांचा आकडा यांच्यातलं अंतर मी भरलं. नवीन तांब्याच्या डग्ग्यासाठी ठेवलेले पैसे होते, ते गेले. म्हणजे बघा, माणसं डग्गा घेतात, मी हल्या घेतला.

गावापर्यंत आम्ही चालत गेलो. पुढं मामा आणि वानेरा, मागं मी आणि हल्या. हल्या रस्त्यात जे दिसेल ते खात होता, त्यात माझ्या सदऱ्याची बाही पण आली. अर्ध्या वाटेत मामांनी मागं वळून विचारलं,

"ते वाजवलं तुमी, त्याला काय म्हणतात?"

"तिहाई, मामा."

"हं." आणखी थोडं चालल्यावर म्हणाले, "दुसऱ्याच्या हातावर वाजवत जाऊ नका."

दारात अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वानेऱ्याच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. मग त्यांना हल्या दिसला. ताट तसंच हवेत राहिलं. "ह्याला बी ओवाळू?"

"ओवाळ," मामा म्हणाले. "जावयानं आणलाय."

आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं, त्या सोन्यानं काय करावं? वानेऱ्याला त्याच्या शेजारी बांधलं. सोन्यानं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. कडबा तसाच. दुसऱ्या दिवशी तेच. मी लातूरला परत आलो तेव्हा मामा सोन्याच्या पाठीवर डावा हात ठेवून नुसते उभे होते. मला निघताना 'या' एवढंच म्हणाले. सगळा रस्ताभर मी मांडीवर वाजवलं नाही. तुम्हाला थाप वाटेल, पण नाही वाजवलं.

गुरुपौर्णिमेला नांदेडला गेलो. गुरुजींसमोर बसलो. तिहाई वाजवली, आणि ती समेच्या पुढं जाऊन पडली. मी हात जोडले, म्हटलं गुरुजी, ही एकदाच बरोबर आली होती. त्यांनी विचारलं कुठं, आणि मग सगळं सांगावं लागलं. हल्याचं नाव निघाल्यावर गुरुजींनी चष्मा काढून ठेवला. सगळे शिष्य गडाबडा लोळत होते, मी एकटा सरळ बसलो होतो.

हसून झाल्यावर गुरुजी म्हणाले, "माझ्यासमोर बसलास की तू मला दाखवायला वाजवतोस, म्हणून चुकतोस. तिथं कुणासाठी वाजवत होतास?"

"बैलासाठी," मी म्हणालो.

गुरुजींनी खांद्यावरची शाल काढली, आपला हात माझ्यापुढं धरला, वर शाल टाकली. म्हणाले, वाजव. आणि आली हो, आली. बरोबर समेवर. गुरुजींनी मान डोलावली. मग शाल काढली आणि गंभीरपणे सांगितलं की त्यांच्याकडं विकायला काही जनावर नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मामांचा फोन आला. एरवी मामा महानंदाला फोन करतात. वाटलं, सोन्या गेला.

सोन्या गेला नव्हता. झालं असं होतं की हल्यानं खुंटा उपटला. जाऊन सोन्याच्या गव्हाणीत तोंड घातलं आणि सोन्यानं टाकून दिलेला कडबा खायला सुरुवात केली. सोन्यानं बघितलं. वानेऱ्याचं त्याला सोयरसुतक नव्हतं, पण आपल्या गव्हाणीत हा परका रेडा? सोन्यानं त्याला शिंग लावलं, बाजूला रेटला, आणि नुसत्या रागानं सगळा कडबा स्वतः खाल्ला. दुसऱ्या दिवशी मामांनी हल्या मुद्दाम सोन्याशेजारी बांधला. सोन्या त्याच्याआधी तोंड घालायला लागला. आता दोघं शर्यत लावल्यासारखे खातात. सोन्या भरला, वानेऱ्याबरोबर जुपला, पेरणी झाली. मामा परत पूर्ण भाकरी खायला लागले, हे महानंदानं नंतर सांगितलं.

"हल्या लई कामाचा निघाला," मामा फोनवर म्हणाले.

मी वाट बघितली. हल्या कामाचा, मग तो आणणारा? मी फोन कानाला घट्ट लावला. मामा म्हणाले, बरं, ठेवतो.

म्हणजे बघा! ज्या शब्दासाठी मी इतकी वर्षं झुरलो, तो मामांच्या तोंडून निघाला खरा, पण मिळाला हल्याला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही सासरी गेलो. बाजाराचा दिवस होता. मामांचं प्लास्टर केव्हाच निघालं होतं, तरी म्हणाले, चला जावईबापू. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. बाजारात शिरता शिरता मामा आधी मला त्याच रसवंतीवर घेऊन गेले. काठोकाठ भरलेले दोन ग्लास घेतले आणि दोन्ही माझ्याच हातात दिले, एक उजव्या, एक डाव्या. मला वाटलं, पाहुणचार! मी म्हटलं, मामा, एक तुम्ही घ्या. ते न्हाई म्हणाले. समोरून खाजामियाँ दस्ती झटकत, हसत येत होता, तो माझे दोन्ही हात बघून वाटेतच थांबला.

रसवंतीवाल्यानं मामांना विचारलं, पाव्हणे कोण?

"आमचे जावई," मामा म्हणाले. "कामाचा माणूस हाय." चार माणसांत म्हणाले, मोठ्यानं म्हणाले. माझे डोळे भरून आले, पण पुसणार कशानं? मामांनी रसवंतीवाल्याच्या हातात आणखी पैसे ठेवले. "आमी बाजार करून येईपर्यंत ह्यांचे ग्लास भरत राहा. निस्ता हात रिकामा ठेवायचा न्हाई."